फ्रीजचा पांढरा

मिसेस अर्नेटा पूल यांनी बास काउंटरवर ठेवला
झोपलेलं मूल ठेवावं तसा, आधी अंग, मग मान,
आणि म्हणाल्या, "होता तसा करून दे.
चौसष्ट साली खोक्यातून निघाला तसा."

डेटन, ओहायो. बाहेर मार्चचा मळका बर्फ.
मी विचारलं, होता तसा म्हणजे नक्की कधी?
त्यांनी हातमोजे काढले, परत घातले.

लेमुएल पूल दिवसपाळीला फ्रीजच्या कारखान्यात
दारांवर इनॅमल मारायचा.
रात्री बँड. पाच माणसं, पाच पांढरे सूट,
आणि हा एकटाच तपकिरी.
मग एका शनिवारी, ओव्हरटाइमच्या नावाखाली,
त्यानं दारांच्या रांगेत हुकाला हाही टांगला.
भट्टी मात्र चुकवली;
भट्टीत गेला असता तर खालची लाख उकळली असती.
एवढं त्याला कळत होतं.

तो पांढरा आता चहाच्या कपाच्या आतल्यासारखा.

मी चार स्क्रू काढले, क्रमानं डबीत ठेवले.
जुन्या भोकात जुनाच स्क्रू जावा,
याहून मोठा धर्म मी पाळत नाही.
मान सुटली. खाचेत पेन्सिलीनं तारीख,
चिकटपट्टीच्या तुकड्यावर एक नाव: एस्तेला.
कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा बाकावर
ती त्या दिवशी कुणावर रुसली होती,
जेवली होती की नाही, कोण सांगणार.
तिच्यानंतर या खाचेत उजेड पडला तो आज.

एक कॉइल मुकं होतं.
केसाहून बारीक तार, दहा हजारांवर वेढे,
तुटली होती अगदी बाहेरच्या वेढ्याशी.
असं नशीब मला लग्नातही लाभलं नाही.

मग खरवडणं. कोमट हवा, बोथट पातं,
दिवसाला तळहाताएवढं.
घाई केली की पांढऱ्याबरोबर खालचाही सोलून येतो.
चौथ्या दिवशी कडेचा काळा दिसला,
मग तांबडा, मग मधोमध
मधाच्या बरणीतून ऊन पडावं तसा पिवळा.

आठव्या दिवशी त्या न सांगता आल्या.
अर्धा फ्रीज, अर्धा मध.
बराच वेळ बघत राहिल्या.
"हा मी कधी पाहिलेलाच नाही," म्हणाल्या.
"आमची ओळख सहासष्टची. तेव्हा पांढराच होता.
हा माझ्या आधीचा."

थांबू का, विचारलं.
हीटर कटकट करत राहिला.
"नाही. कर पुढे. बघू दे तरी
माझ्या आधी कसा दिसायचा."

जिथे लेमुएलचा हात टेकायचा
तिथे पांढराही नव्हता, मधही नव्हता,
नुसतं लाकूड, घामानं काळवंडलेलं.
कॅटलॉगमध्ये अशी जागा नसते.
माझ्याकडे तिन्ही रंग तयार होते, ब्रश ओला होता.
मी ब्रश धुऊन ठेवला.

तारांचं विचारलं तेव्हा मात्र त्या ठाम:
"तारांना हात लावायचा नाही."
म्हटलं, या एकाहत्तरच्या आहेत, मूळच्या नव्हेत.
"माहीत आहे," म्हणाल्या. "मीच आणल्या होत्या."

शेवटी अँप लावला. सगळ्यात जाड तार, मोकळी, एकदाच.
डबीतले सुटे स्क्रू थरथरले,
खिडकीची काच थरथरली,
आणि मिसेस पूल यांनी हातमोजा काढून
उघडा तळवा त्या काळवंडलेल्या जागेवर ठेवला
सूर पूर्ण विरेपर्यंत.

पावतीवर मी लिहिलं, 'मूळ स्थितीत'.
मग खोडलं. नुसते तास लिहिले, सदतीस.

जाताना त्यांनी बाकाखालचा कॉफीचा डबा मागितला,
ज्यात मी सगळा पांढरा चुरा झाडून ठेवला होता.
कशाला, ते मी विचारलं नाही.
झाकण घट्ट बसत नव्हतं,
म्हणून वरून चिकटपट्टी लावून दिली.